मोहाखालची झाडलोट

एसटीत मोहफुलांचं गाठोडं चढलं की कंडक्टरला हमखास विनोद सुचतो. परवा एका सभेला जाताना उमरखेडच्या गाडीतही सुचला. एक बाई जुन्या लुगड्यात बांधलेलं भलंमोठं गाठोडं घेऊन वर आल्या आणि कंडक्टर म्हणाला, "काय मावशी, आता गाडीच झिंगत जाईन वाट्टे उमरखेडले!" अर्धी गाडी हसली. बाईंनी गाठोडं पायानं सीटखाली सरकवलं, पदर खोचला आणि म्हणाल्या, "गाडी झिंगन तं झिंगन. तू तिकीट फाड." मग उरलेली अर्धी गाडी हसली.

मला त्या विनोदाचा राग येतो. दर वर्षी चैत लागला की येतो. एक झाड माणसाला खायला फूल देतं, दिव्याला तेल देतं, भर उन्हाळ्यात सावली देतं, आणि आपण त्या बदल्यात त्याला काय देतो? एक शिळा विनोद. ज्यांनी उभ्या जन्मात मोहफुलाची भाकर चाखली नाही, त्यांना मोह म्हटलं की फक्त बाटली आठवते. यात झाडाचा काय दोष?

पण राग फार वेळ टिकला नाही, कारण सीटखालून वास यायला लागला. तो वास लिहायचा कसा हे मला अजून जमलेलं नाही. मी बाभुळगावची. लिहायला शिकले ती पत्रकांवर. जयंतीची पत्रकं, मोर्चाची पत्रकं, पाण्यासाठी तहसीलवर नेलेल्या घागरींची पत्रकं. एका वाक्यात एक मागणी आणि शेवटी उद्गारचिन्ह. वासाला मागणी नसते, त्यामुळे पत्रकवाल्याची पंचाईत होते. गुळाची कढई उतरवायला जरा उशीर व्हावा आणि शेजारी कुणी रात्रभर दव प्यायलेली माती उकरावी, तसं काहीतरी. दारव्ह्याच्या आधीच मी खिडकीबाहेर बघणं सोडून दिलं आणि मनानं झिरा पोडावर जाऊन बसले.

पोड म्हणजे आमच्याकडं कोलामांची वस्ती. मध्ये चावडी, चावडीभोवती घरं, आणि घरांच्या मागं लगेच जंगल. घाटंजीच्या पुढं डांबर संपतं, तिथून वर चढलं की झिरा पोड लागतो. पोडाच्या खाली कापूस-तुरीच्या शेतांचा पट्टा, शेतांच्या कडेपासून पोडाच्या बाजूनं वर चढत गेलेली मोहाची झाडं, आणि त्या झाडांच्याही वर एक टेकडी. तिला सगळे बोडकी म्हणतात. बोडकीच्या पायथ्याशी नाला आहे. त्या नाल्याच्या वाळूत हातानं खड्डा उकरायचा आणि त्यात झिरपून येणाऱ्या पाण्याची वाट बघत बसायचं, त्याला झिरा म्हणतात. पोडाचं नाव त्यावरूनच पडलं. बायांचा अर्धा उन्हाळा त्या खड्ड्याच्या काठावर, हातात वाटी घेऊन, जायचा. बोडकीवर पाला, गवत टिकलं की झिरा वैशाखापर्यंत चालायचा. बोडकी जळाली की होळीनंतर नुसती वाळू. हा हिशेब पोडातल्या कुणालाही शिकवावा लागत नव्हता. तरी बोडकी जवळजवळ दर वर्षी जळायची.

का जळायची, ते सांगते. मोहाचं झाड आधी सगळी पानं टाकतं आणि मग फुलायला लागतं. पहाटे फुलं गळतात. टप्, टप्, अंधारात कुणी सावकाश चालत असावं तसा आवाज होतो. उजाडताना बाया टोपल्या घेऊन झाडाखाली वाकतात. पण वाळलेल्या पानांच्या थरात ते फिकट, रसाळ फूल बुडून जातं. म्हणून हंगामाच्या तोंडावर झाडाखालचा पाला पेटवून द्यायचा. जमीन काळी होते आणि काळ्या जमिनीवर फुलं कशी दिसतात? पाटीवर खडूचे ठिपके द्यावेत तशी. सोपं काम. फक्त ती आग झाडाखालीच थांबली पाहिजे. ती कधी थांबते, कधी वारा आला की वर बोडकीवर चढते.

याला अडाणीपणा म्हणणारे लोक मला फार भेटलेत. एका शहरातल्या सभागृहात, थंडगार हवेत, एका गृहस्थांनी "समुदायाधारित शाश्वत नैसर्गिक संसाधन व्यवस्थापन" हे सगळं एका श्वासात म्हटलं आणि मग म्हणाले, "या लोकांना आगीचे दुष्परिणाम समजावून सांगायला हवेत." मी उठून विचारलं, "साहेब, तुम्ही सकाळभर कंबरेत वाकून वाळल्या पानांतून फूल वेचलंय का? समजावून कोण कोणाला सांगणार?" ते पाणी प्यायले. आयोजकांनी चहाची सुट्टी जाहीर केली. आगीचे दुष्परिणाम पोडाला ठाऊक होते. त्यांना कंबरेचे दुष्परिणामही ठाऊक होते. प्रश्न दोन्हींचा एकत्र होता आणि तो सोडवायला कुणी बसत नव्हतं.

मी ज्या हंगामाबद्दल लिहितेय, त्या वर्षी पोड बसला.

तोपर्यंत जंगलाचा सामूहिक हक्क पोडाच्या ग्रामसभेला मिळाला होता. बोडकीवर चर खणून झाले होते, कुऱ्हाड आणि चराई बंद होती, आणि गेले काही उन्हाळे निव्वळ नशिबानं आग वर चढली नव्हती. बोडकीवर पहिल्यांदा बोटभर, मग हातभर रोपं दिसायला लागली होती. चारोळी, आवळा, टेंभुर्णी, आणि मधूनमधून मोहाची लालसर पानं. त्या वर्षी फाल्गुनात, चावडीत, सगळे म्हणाले, नशिबावर किती दिवस ढकलायचं? यंदा मोहाखाली पेटवायचं नाही. झाडायचं. जंगलात कुणी काडीपेटी न्यायची नाही.

पोडाचे प्रमुख लेतू नाईक. बोलायला संथ, एक वाक्य बोलून दुसऱ्याच्या आधी डोक्यावरचं पागोटं सारखं करणारे. त्यांनी विचारलं, "कोनाची हरकत?"

मागून आवाज आला, "झाडायचं तं झाडा. माहे गुडघे कोन झाडते?"

ही जमनामाय. पोडातली सगळ्यात म्हातारी नसेल, पण सगळ्यात म्हातारी तीच आहे असं सगळे धरून चालत. घरात एकटी. तिचं मोहाचं झाड सगळ्यांत वर, जिथं बोडकीची चढण सुरू होते त्या अरुंद खिंडीत. आणि ते झाड तिच्याचसारखं. साऱ्या पोडाची झाडं फुलून मोकळी व्हायला आली की मग हे सावकाश फुलायला लागायचं. वर्षभराचं तिचं जे काही होतं, ते त्या झाडावर होतं.

तिच्या शेजारचं झाड सुनंदाच्या घरचं. सुनंदा तरणी, तोंडाची फटकळ, ग्रामसभेत पुढं बसणारी. ती म्हणाली, "माय, आमी झाडून देऊ ना तुह्या झाडाखाली."

"माह्या झाडाखाली? तुहा पाय तिथं पडला तं पायच पाहीन मी."

सगळे हसले, पण कुणी "असं काय" म्हणालं नाही. कारण रिवाज तोच होता. पोडात प्रत्येक मोह एकेका घराचा. आजोबा-पणजोबापासून ठरलेला. दुसऱ्याच्या मोहाखाली जायचं नाही. तुमच्या झाडाचं फूल घरंगळत शेजाऱ्याच्या झाडाखाली गेलं तर ते शेजाऱ्याचं. पोडात कुलूप कुठं दिसत नाही आणि फुलांची चोरी कधी ऐकली नाही, ती या एका रिवाजामुळं. तो मोडून जमनामायचं भलं करायला कुणी धजत नव्हतं, आणि जमनामायला तसं भलं नको होतं.

"मंग पेटवशीन का तू?" लेतू नाईकांनी विचारलं.

"पेटवनार नाही. सगळ्याहीचं झालं तं माहं बी झालं. पन झाडनार बी नाही. होत नाही माह्यानं."

मी त्या दिवशी पत्रक घेऊन गेले होते. "जंगल आमचं! राखणार आम्हीच!" सुनंदानं ते उलटसुलट बघितलं आणि म्हणाली, "ताई, हे शेवटी तुम्ही खराटा कायले उभा केला?" मी म्हटलं, ते उद्गारचिन्ह आहे. ती म्हणाली, "खराटाच दिसते. बरं आहे, कामाचं आहे."

आणि मग ते झाडलोटीचे दिवस आले. आजही डोळे मिटले की पहिल्यांदा आवाज येतो. सगळ्या उतारावर एकाच वेळी खराटे चाललेत. खर्र, खर्र. नदीला पूर आल्याचा आवाज लांबून ऐकावा तसा. पाल्याखाली ओल होती, तिला पहिल्यांदा ऊन लागलं आणि सगळ्या जंगलाला तळघर उघडल्यासारखा वास सुटला. विंचू निघाले, सरडे पळाले, वानरं वरून बघत बसली. बाया एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडं टोमणे फेकत होत्या. "घर बी इतलं झाडतं का वं कधी?" "तुह्या घरी आली तं पाय पुसून येतो मी आता!" बारकी पोरं झाडलेल्या जमिनीवर नुसती लोळत होती. पहिली फुलं पडली तेव्हा तपकिरी, मऊ, स्वच्छ मातीवर ती इतकी उठून दिसली, की सुनंदाची सासू म्हणाली, "जळाल्या जमिनीपक्षा बरं दिसते बाप्पा, फुलाले राख लागत नाही." बाजारातही राख न लागलेलं फूल लोक हातात घेऊन बघतात, हे तिनं तिथंच सगळ्यांना ऐकवलं.

अंगणांत फुलं वाळत पडली. लोण्याच्या रंगाची, मग मधाच्या, मग मनुकांसारखी काळपट. पोरांचे गाल दिवसभर फुगलेले. रात्री माझ्या ओढणीला वास, सकाळी भाकरीला वास. मला वाटलं, जिंकलो. पत्रकवाल्यांना लवकर तसं वाटतं. शेवटी उद्गारचिन्ह असलं की काम संपलं असं वाटण्याचा तो रोग आहे.

एक गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नव्हती.

फूल ज्याचं त्याचं, तसा पालाही ज्याचा त्याचा. प्रत्येकानं आपल्या झाडाखालचं झाडलं ते आपल्या हद्दीपर्यंत. पलीकडं लोटणं म्हणजे दुसऱ्याच्या जागेत कचरा टाकणं, आणि इतकं वाईट वागणारं पोडात कुणी नाही. म्हणून प्रत्येकाचा ढीग बरोब्बर आपल्या शिवेवर. तिथंच शेजाऱ्याचाही ढीग. त्याला लागून त्याच्या शेजाऱ्याचा. खालच्या शेतांपासून वर खिंडीपर्यंत, झाडामागून झाड, वाळल्या पाल्याची एक लांबच लांब वात तयार झाली होती. सुरेख, सरळ, शिस्तीची. मी त्या ढिगांचे फोटो काढले होते, ते त्या थंडगार सभागृहात पडद्यावर दाखवले गेले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. एवढ्या शिकलेल्या डोळ्यांनाही वात दिसली नाही. पोडालाही दिसली नाही. सभ्यपणानं जंगल पेटू शकतं, हे कुणाच्या मनात येणार?

आणि वातीच्या वरच्या टोकाला, खिंडीत, जमनामायचं झाड. त्याच्याखाली पाला तसाच पडलेला, गुडघाभर.

आग खालून आली. कोणा शेतकऱ्यानं धुरा पेटवला होता. शेताचा बांध साफ करायला आमच्याकडं सगळेच पेटवतात. भर दुपार, वारा वरच्या दिशेला. मी चावडीत बसून फुटाणे खात होते. आधी वानरं ओरडली. मग सुनंदा पळत आली, "ढिगाऱ्याले लागली! ढिगाऱ्यानं वर चढून राह्यली!"

त्यानंतरचं मला तुकड्यांतच आठवतं. पळसाच्या ओल्या फांद्या मोडल्याचा आवाज. ओलं पोतं खांद्यावरून पाठीवर गळत असलेलं. आणि आग, ती जंगलात पसरत नव्हती, ती चालत होती. झाडलेल्या जागेत तिला खायला काही नव्हतं. ती ढिगावरून ढिगावर, माळेतले फटाके फुटावेत तशी, सरळ वर. माणसं एक ढीग फांद्यांनी झोडपून विझवत, तोवर ती पुढच्या दोन ढिगांवर. पहिल्यांदा काही लोक नुसते उभे राहिले, कारण समोरचा ढीग दुसऱ्याचा होता. रिवाज अंगात किती खोल असतो, बघा. लेतू नाईक ओरडले, "वढा! कोनाचाबी वढा!" मग लोकांनी हातांनी पाला ओढायला सुरुवात केली. पण आग पुढं निघून गेली होती.

आम्ही खिंडीत पोचलो तेव्हा जमनामाय तिथंच होती. तिची टोपली शेजारी, आणि डोक्यावर तिचं झाड ऐन बहरात. बाकी साऱ्या पोडाची फुलं सरत आली होती, आणि तिच्या फांद्यांवर झुबकेच्या झुबके. मागं बोडकी. हातभर रोपांची, गवताची, कोरडी आणि तयार.

लेतू नाईकांनी पागोटं सारखं केलं नाही. ते म्हणाले, "माय, इथंच थांबवा लागते. आगीले आग आडवी लावा लागते. तुह्या झाडाखालून."

म्हणजे काय, ते तिला समजलं. वरच्या बाजूनं आपणच पाला पेटवायचा, काठ फांद्यांनी धरून ठेवायचा, खालून येणाऱ्या आगीपुढं जळालेली जमीन ठेवायची. पण एवढा पाला पेटला तर ज्वाळा खालच्या फांद्यांपर्यंत जाणार. तिचा हंगाम तिथंच भाजून निघणार.

"न लावलं तं?"

"तं टेकडी जाईन."

"अन् झिरा?"

धूर खिंडीत शिरला होता. जमनामायनं वर झाडाकडं बघितलं. बराच वेळ बघितलं असं मला वाटतं, पण तेवढा वेळ नव्हताच. मग ती म्हणाली, "झाड माहं. काडी मीच लावतो. दुसऱ्या कोनी लावलीन तं जन्मभर त्याच्या नावानं बोटं मोडीन. आना काडीपेटी."

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. जंगलात काडीपेटी न्यायची नाही, हे सगळ्यांनी चावडीत कबूल केलेलं.

"आना ना!" जमनामाय ओरडली. "सोंग कायले करता!"

मग एकाच्या कंबरेतून, एकाच्या पागोट्यातून, एकाच्या बिडीच्या बंडलासोबत, अशा काडीपेट्या निघायला लागल्या. कुणी मान वर करत नव्हतं. सुनंदाच्या नवऱ्याकडंही निघाली. सुनंदा म्हणाली, "घरी चाल तू," आणि त्या धुरात, त्या घाईत, एकदोघं हसले. मला ते हसू अजून ऐकू येतं. मयताच्या घरातही कुणीतरी असंच हसतं.

जमनामायनं वाकून काडी लावली. गुडघ्यावर हात ठेवून, शांतपणे, चुलीला लावावी तशी. पाला भडकला. आम्ही वरच्या काठाला फांद्या घेऊन उभे, तोंडावर आच, डोळ्यांतून पाणी. ज्वाळा खालच्या फांद्यांना लागल्या आणि फुलं चरचरायला लागली. आणि सगळ्या धुरातून एक वास आला, पाक करपल्याचा, इतका गोड की लाज वाटावी. दोन आगी एकमेकींना भेटल्या, जरा उंच झाल्या, आणि खायला काही उरलं नाही म्हणून बसल्या.

बोडकी राहिली.

जमनामाय दगडावर बसली होती. तोंड काळं, कपाळावर घामाच्या दोन रेघा. सुनंदानं झिऱ्यावरून पाणी आणलं. ते पिण्याआधी तिनं तांब्यात डोकावून बघितलं.

"आहे ना झिऱ्यात?"

"आहे."

"मंग काय," ती म्हणाली आणि प्यायली.

मला तिथं बसून काहीतरी बोलावंसं वाटत होतं. हक्क, त्याग, सामूहिक असे माझे शब्द घशापर्यंत आले होते. राखेनं घसा बसला होता म्हणून वाचले.

संध्याकाळी दिवेलागणीला चावडी भरली. प्रत्येक घरानं वाळल्या फुलांची एकेक टोपली जमनामायला द्यावी, असं कुणीतरी म्हणालं. सगळ्यांनी माना हलवल्या. इतकं सरळ, इतकं चांगलं. जमनामाय उठून उभी राहिली.

"मी मागाले आली का तुमाले? माह्या झाडाचं फूल मी खातो. दुसऱ्याच्या टोपलीतलं मले पचत नाही."

"माय, असं काहून करतं?" सुनंदा म्हणाली. "तुह्यापाई तं टेकडी राह्यली."

"मंग टेकडीचंच बोला."

ती म्हणाली, "वर मोहाची रोपं आली. पाह्यली सगळ्याहीनं. मनात वाटून बी घेतली असतीन. हे माह्या घराचं, ते तुह्या घराचं." दोघातिघांनी खरोखरच खाली बघितलं. "तसं करू नका. ती कोनाच्याच घराची म्हनू नका. एखादी बुढी तिथं वाकून राह्यली तं कोनीबी खराटा घेऊन तिच्या बाजूले गेलं पाह्यजे. इचारा लागू नये. कोनाचा पाय पडला, कोनाचा नाही पडला, काही नाही."

मागून कुणीतरी म्हणालं, "माय, त्याले फूल येईपर्यंत तू राहशीन का?"

"मी नाही राह्यली तं दुसरी बुढी राहीन," जमनामाय म्हणाली. "का पोडात आता कोनी म्हातारंच व्हनार नाही?"

मंजूर झालं. हात वर करायला सांगावं लागलं नाही.

मी नंतर पुष्कळ सभागृहांत गेले. "लोकसहभाग" हा शब्द ऐकला की मला अजून खाज सुटते. तो शब्द वापरणारे लोक चावडीत बसत नाहीत, त्यांना वाटतं सहभाग म्हणजे सही. लोक जंगल राखतात ते एकमताने, आनंदाने, गाणी म्हणत, असं त्यांच्या पुस्तिकांत असतं. खोटं आहे. लोक कुरकुरत राखतात, टोमणे मारत राखतात, कंबरेला काडीपेटी लपवून राखतात. आणि तरीही राखतात. हे "तरीही" मोजायचं यंत्र कुठल्या सभागृहात मी पाहिलेलं नाही.

उमरखेडची सभा आटोपून मी परत येताना वाट वाकडी केली आणि पोडावर गेले. यंदाचाही हंगाम सरत आला होता. रिवाज थोडा सरकलाय. वेचणं ज्याचं त्याचं, पण झाडणं आता सगळ्यांचं. पोड खालून सुरू होतो आणि हद्दी न बघता वरपर्यंत खराटे चालवत जातो. पाला ढिगात राहत नाही, खाली खड्ड्यात जातो, खत होतं. फाल्गुनात लेतू नाईक खालच्या शेतकऱ्यांकडं जाऊन बसतात, आणि धुरे पेटवायचे ते ठरवून, सकाळी, वारा नसताना. पोडाची माणसं फांद्या घेऊन शेजारी उभी राहतात. सगळे ऐकतात असं नाही. एका शेतकऱ्यानं यंदाही न सांगता पेटवलं. मग पोडाच्या बाया त्याच्या अंगणात जाऊन बसल्या आणि चहा घेतल्याशिवाय उठल्या नाहीत. त्याची बायको अजून त्याच्याशी धड बोलत नाही म्हणे.

जमनामायच्या झाडाची खालची बाजू वाळून गेली ती गेलीच. वरची बाजू मात्र फुलते. आणि उशिराच फुलते, काही शिकलं नाही ते.

मी गेले त्या दिवशी तिनं बोडकीवर जायचा हट्ट धरला होता. त्या आगीनंतर ती कधी वर चढली नव्हती. सुनंदानं एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या बाजूनं, आणि थांबत, शिव्या देत, ती वर आली. मागून सगळा पोड आला, रिकामपणी. वर वारा होता. रोपं आता माझ्या खांद्याला लागत होती, आणि मोहांना नवी पालवी फुटली होती, तांब्याच्या भांड्यावर ऊन पडावं तशी. लेतू नाईकांनी पागोटं सारखं केलं. मलाही वाटलं, आता ती काहीतरी बोलेल.

जमनामायनं एका मोहाचं पान चिमटीत धरलं, शेजारच्या मोहाकडं बघितलं, आणि म्हणाली, "इतले जवय जवय कोन उगवू देल्ले? दोघंबी मरतीन. एक काढा इथून."

"कोनतं?" सुनंदा म्हणाली.

"हे वाकडं."

"वाकडं काहून? ते नाल्याच्या अंगाले आहे, माती धरून ठेवते," लेतू नाईक म्हणाले.

"मंग सरळ काढा."

"सरळ कायले काढता? फूल त्यालेच जास्त येईन!"

"तुले काय सांगून गेलं का ते?"

"पावसात काढून खाली लावा ना, मारता कायले."

"मोह काढून जगते का कधी? याची मुळी पाताळात जाते."

बघता बघता सगळे बोलायला लागले, कोलामीत आणि वऱ्हाडीत, एकमेकांच्या खांद्यावरून, हात नाचवत. कुणी खाली बसून मुळाजवळची माती उकरून दाखवत होतं. कुणी दुसऱ्या बाजूनं जाऊन फांद्यांचा अंदाज घेत होतं. जमनामाय काठी आपटत होती आणि तिचं कुणी ऐकत नव्हतं, त्याचा तिला भयंकर राग आला होता, आणि ती फार आनंदात होती. ऊन कलत चाललं होतं. ज्याच्यावर कुणाच्याही घराचं नाव नव्हतं अशा एका झाडासाठी अख्खा पोड भांडत होता, आणि खाली उतरायला कुणीच तयार नव्हतं.